हिवाळे मॅडमचं बोट

दर सोमवारी सकाळी साडेदहाला हिवाळे मॅडम प्रयोगशाळेतल्या लाकडी स्टुलावर बसायच्या आणि डाव्या हाताची अनामिका पुढे करायच्या. समोरच्या विद्यार्थ्यानं ती स्पिरिटनं पुसायची, टोचायची आणि वर आलेला थेंब काचेच्या बारीक नळीत ओढून घ्यायचा. त्याचा हात थरथरला तर त्या म्हणायच्या, "टोचतोयस का माझी नाडी बघतोयस?" थेंब घेऊन झाला की कापसाचा बोळा दाबत उठायच्या. वर्षानुवर्षं टोचून त्या बोटाचं टोक शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटासारखं कडक झालं होतं.

जालन्यातल्या आमच्या कॉलेजात त्या अठरा वर्षं होत्या आणि सुट्ट्या सोडल्या तर एवढ्या वर्षांत हा सोमवार चुकला नाही. मी तिथला ग्रंथपाल. त्यांना हवे असलेले शोधनिबंध मागवायचे, छापायचे आणि सोमवारी नेऊन द्यायचे, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "या, लायब्ररी," म्हणायच्या. "आज तरी पानं क्रमानं लावलीत का?"

बोटाच्या त्या थेंबाला प्रयोगशाळेत 'साक्षीदार' म्हणत. का म्हणत ते सांगायचं तर मॅडमचं काम थोडं सांगावं लागेल.

पेशीच्या आत डीएनएचा धागा असतो. तो रोज तुटतो. उन्हानं, धुरानं, औषधांनी, पुष्कळदा काहीच कारण नसताना. आणि पेशी तो रोज दुरुस्त करते. मॅडमचं सगळं आयुष्य हे तुटणं आणि ही दुरुस्ती मोजण्यात गेलं. रक्ताचा थेंब पातळ जेलीत मिसळून काचपट्टीवर पसरायचा, पेशींचं आवरण खारट द्रावणात विरघळवायचं, मग काचपट्टी पाण्याच्या पेटीत ठेवून तिच्यातून वीज सोडायची. धागा शाबूत असेल तर जागचा हलत नाही. तुटलेला असेल तर तुकडे विजेच्या ओढीनं पुढे वाहत जातात. रंग देऊन अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की शाबूत पेशी ज्वारीच्या दाण्यासारखी गोल चमकते आणि तुटलेली धूमकेतूसारखी, मागे शेपूट सोडून. शेपूट जितकं लांब तितकी मोडतोड जास्त. कपाशीवर औषध फवारणाऱ्या माणसांच्या रक्तातली ही शेपटं मॅडम मोजायच्या. फवारणीच्या आधी, चालू असताना आणि संपल्यावर. "शेपूट किती लांब ते कोणीही मोजील," म्हणायच्या. "ते किती वेळात आखडतं ते मला सांगा."

पण पाणी गरम झालं, जेली नीट जमली नाही, काच स्वच्छ धुतली नाही, तरी शेपूट लांबतं. म्हणून दर वेळी त्याच पेटीत, त्याच पाण्यात एका निरोगी माणसाचं रक्तही ठेवायचं. त्याचं शेपूट नेहमीइतकं आखूड आलं तर त्या दिवसाचं काम खरं. लांब आलं तर सगळं बाद. हा साक्षीदार कायम तोच माणूस पाहिजे. मॅडमनी स्वतःला नेमलं होतं. पान नाही, सुपारी नाही, चहासुद्धा नाही, आणि दर सोमवारी हजर. "दुसऱ्या कोणाचा भरवसा न्हाई," म्हणायच्या. "लोकांना लग्नं असतात."

त्या क्रूर होत्या. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मला कळतं. पण दुसरं काही लिहिलं तर त्यांना ओळखणारं कोणी ते पुढे वाचणार नाही.

त्यांच्या दारात विद्यार्थ्यांनी आधी दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायचे. "ही नखं हायेत का कुदळी? जा, धुऊन ये." पुन्हा आला की, "पुन्हा." एका मुलाला रडू आलं तेव्हा त्यांनी त्याच्या हातात परीक्षानळी दिली. "वाया घालवू नको. आसवांतल्या पेशी पण मोजता येतात." एका मुलीच्या प्रबंधाच्या मसुद्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'ही लग्नपत्रिका आहे. सगळ्यांची नावं आहेत, मजकूर काहीच नाही.' बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक भाषण देऊन गेले. आभार मानायला मॅडमना उभं केलं होतं. त्या म्हणाल्या, "सरांच्या भाषणात एकही चूक नव्हती. चूक व्हायला काहीतरी सांगावं लागतं." आणि खाली बसल्या.

एक नियम मात्र मला आवडायचा. प्रयोगाच्या वहीचं पान फाडायचं नाही. नोंद चुकली तर तिच्यावर एकच लाल रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि शेजारी सही करायची. "खोटं बोला," म्हणायच्या, "पण ते वाचता आलं पाहिजे." वर्ष संपलं की या वह्या बांधणीसाठी माझ्याकडे येत. मी बांधायच्या आधी त्या वाचायचो. माझी सवय.

सविता त्यांना भेटली ती भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याला. तिथल्या शाळेच्या पडवीत मॅडमनी रक्त घ्यायला टेबल मांडलं होतं. मी नोंदी लिहायला गेलो होतो, कारण विद्यार्थ्यांच्या अक्षरावर त्यांचा विश्वास नव्हता. रांगेत एक पन्नाशीचा शेतकरी होता, ठोंबरे. हात पुढे करून तो म्हणाला, "मॅडम, दोन वर्षं झाले, फवारा मारला की हातापायाला मुंग्या येतात. मला काय झालं का, तेवढं सांगचाल का?"

"न्हाई."

"कधी सांगचाल मंग?"

"कधीच न्हाई. पन्नास माणसाचं मिळून मला सांगता येतं. एका माणसाचं काही सांगता येत न्हाई. एक माणूस म्हणजे काहीच न्हाई. हात ढिला सोडा."

त्याच्या मागं उभी असलेली त्याची मुलगी पुढे आली. एम.एस्सी. झालेली, दोन वेण्या, पायात बापाच्या चपला. "काहीच न्हाई तर मंग रक्त कशाला घेऊन राह्यलात? आमच्या बापानं काय फुकटचं भरून आणलं काय?"

रांग हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खाली तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भांडायचं असलं तर शिकून ये. असं बेअक्कल भांडणाऱ्याशी मी बोलत न्हाई."

पुढच्या जूनमध्ये सविता ठोंबरे त्यांच्या दारात दोन्ही हात उलटसुलट करून उभी होती.

चार वर्षं ती तिथं राबली. तिच्या हातासारखा हात मी त्या प्रयोगशाळेत दुसरा पाहिला नाही. आणि मॅडमनी तिला एकदाही चांगलं म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या वर्षापासून सोमवारी बोट टोचायचं काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. एखाद्यानं सुई उचलली तर म्हणायच्या, "ठेव. कसायाचं काम न्हाई ते." सविताला तेवढं पुरायचं. वाचनालयात येऊन मला सांगायची, "सर, आज मॅडम माझ्यावर चिडल्याच न्हाईत. तब्येत बरी नसंल."

मॅडमनी स्वतःबद्दल मला एकदाच काही सांगितलं. त्या मूळच्या परतूर तालुक्यातल्या वाटूरच्या. आजोबांच्या पिढीत घरानं बौद्ध धम्म घेतला. वडील मजुरी करायचे. गावात पीएच.डी. झालेल्या त्या पहिल्या. मोठ्या शहरातल्या ज्या संस्थेत त्यांनी संशोधन केलं तिचा वार्षिक अहवाल माझ्या टेबलावर पडला होता. तो चाळता चाळता त्या एका फोटोवर थांबल्या.

"ह्या बाईनं मला हात धुवायला शिकवलं," म्हणाल्या.

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"काचेची भांडी धुवायची पाळी असायची आमची. माझ्या पाळीनंतर ही बाई ती भांडी पुन्हा धुवायची. मला वाटलं, माझं धुणं कमी पडतं. मी दोनदा धुवायला लागले. ती तिसऱ्यांदा धुवायची. मी सात वेळा धुतलं. हाताला भेगा पडल्या, रक्त यायचं. मंग एक दिवस बघितलं, दुसऱ्या कोणाच्याच पाळीनंतर ती धूत नव्हती." त्यांनी पान उलटलं. "गाइडला सांगितलं. ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नको, तिला सवय आहे."

"मग?"

"मंग काय. सगळ्या प्रयोगशाळेत सगळ्यात आखूड शेपटं माझी यायची. हाताकडं कोणी बोट दाखवू शकलं न्हाई. अहवाल कपाटात ठेवा, लायब्ररी. धूळ खाऊन राह्यला."

मला त्या दिवशी वाटलं की दारात हात तपासण्याचं कारण कळलं. आपल्या मुलांच्या हाताकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून त्या ते करत असतील. असं समजणं मला सोयीचं होतं.

सविताच्या शेवटच्या वर्षी साक्षीदार बिघडला.

फवारणीचा हंगाम चालू होता. तिला केदारखेड्याच्या चाळीस माणसांचं रक्त तपासायचं होतं, आणि ते तेवढ्याच दोन महिन्यांत मिळणार होतं. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदतही त्याच वर्षी संपत होती. पहिल्या सोमवारी साक्षीदाराचं शेपूट थोडं लांब आलं. काम बाद. दुसऱ्या सोमवारी त्याहून लांब. बाद. सवितानं पाणी बदललं, जेली नवी केली, पेटीखाली बर्फ ठेवला. तिसऱ्या सोमवारी आणखी लांब.

त्या दिवशी मी निबंध घेऊन दारात उभा होतो.

"काय करून राह्यली तू?" मॅडमनी विचारलं.

"सगळं बदलून बघितलं, मॅडम."

"हात बदललेस?"

"हात धुतले, मॅडम."

"दाखव." सवितानं दाखवले. मॅडमनी पाहून सोडून दिले. "भांडी काढ सगळी. इथं, माझ्यापुढं धू."

सवितानं मांडणीवरची सगळी काच काढली आणि बेसिनशी उभी राहून धुतली. अर्धा तास लागला असेल. धाकटे विद्यार्थी भिंतीला चिकटून उभे होते. शेवटची नळी पालथी घातल्यावर मॅडमनी प्रयोगशाळेचे जुने शिपाई रशीदभाई यांना हाक मारली.

"रशीदभाई, आता हिनं धुतलेलं तुम्ही पुन्हा धुवा."

रशीदभाईंनी एक नळी उजेडात धरून पाहिली. "मॅडम, बिलकुल साफ आहे."

"धुवा."

रशीदभाई धुवायला लागले. सविता खाली बघत उभी होती. तिच्यापुढं काय घडतंय ते तिथं फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि मॅडमना. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद टेबलावर ठेवले आणि परत आलो.

पुढचे तीन सोमवार सवितानं मॅडमना न सांगता एक गोष्ट केली. मॅडमच्या बोटाचा थेंब घेतल्यावर तिनं रशीदभाईंच्याही बोटाचा थेंब घेतला आणि दोन्ही रक्तं एकाच काचपट्टीवर, शेजारीशेजारी, एकाच पाण्यात ठेवली. रशीदभाईंचं शेपूट तिन्ही वेळा आखूड आलं. मॅडमचं तिन्ही वेळा लांब. वहीत तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'साक्षीदार दोन : रशीदभाई,' आणि वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. पुढचं मला रशीदभाईंनी सांगितलं. ते आत फाइल ठेवत होते.

सविता म्हणाली, "मॅडम, हात बराबर हाये. रक्त बघा."

"कोणाचं रक्त?"

"तुमचं, मॅडम. माझ्यावर चिडा, पण एकदा दवाखान्यात दाखवा. मी हात जोडते."

मॅडमनी ती तीन पानं वाचली. रशीदभाई म्हणाले, "पुन्हा पुन्हा वाचली, सर. मला वाटलं, आता चष्मा काढतील अन् काही बोलतील." त्यांनी चष्मा काढला नाही. लाल पेन काढलं आणि तिन्ही पानांवर एकेक रेघ मारली.

"साक्षीदार माझ्या परवानगीशिवाय बदलला. हे सगळं बाद. अन् स्वतःचा गलिच्छ हात झाकायला माझ्या रक्तावर ढकललंस. बापाला विचार, असलं शिकवलं काय त्यानं?"

सविता म्हणाली, "बापाला तर तुम्ही सांगितलंच न्हाई काय झालं ते."

दोन दिवसांनी मॅडमचं पत्र विद्यापीठात गेलं. विद्यार्थिनीच्या हातात स्वच्छता नाही, नोंदी विश्वासार्ह नाहीत, मार्गदर्शन काढून घेत आहे. असं पत्र गेल्यावर दुसरा कोण मार्गदर्शक तिला घेणार? कोणी घेतलं नाही. मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. स्टाफरूममध्ये काही लोकांना त्यात मजा वाटली. "बाईंच्या हाती बरी सापडली शेतकऱ्याची पोरगी," एक जण म्हणाला आणि दुसऱ्यानं टाळी दिली. सविता जालन्यातल्याच एका रक्ततपासणी केंद्रात सुया टोचायच्या नोकरीला लागली.

वर्षअखेरीस ती वही बांधणीला आली. लाल रेघेखालची तिन्ही पानं मी वाचली. मॅडमसाठी इतकी वर्षं निबंध छापताना मी ते वाचतही होतो, त्यामुळे काय लिहिलंय ते मला कळलं. मी वही बांधली, पाठीवर सोनेरी आकड्यात वर्ष घातलं आणि कपाटात ठेवली.

त्यानंतर चार महिन्यांनी वर्गात शिकवताना मॅडमच्या नाकातून रक्त आलं. त्यांनी रुमाल लावला आणि उरलेला तास पूर्ण केला. मुलांना वाटलं, मॅडम नाक मुरडून शिकवतायत. मग अंगावर निळे डाग दिसायला लागले, जिना चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी हाडातली मज्जा तपासली आणि आजाराचं नाव सांगितलं. थोडं आधी आला असतात तर उपचाराला जास्त वाव होता, असंही सांगितलं. शेपूट लांबलं ते याच आजारानं का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तसं ठामपणे म्हणता येणार नाही. मॅडमना ते उत्तर आवडलं. "शिकलेला हाये," म्हणाल्या.

शेवटचे दोन महिने त्या वाटूरला धाकट्या भावाच्या घरी होत्या. फाट्यापासून चालत दहा मिनिटांवर सिमेंटचं घर. पुढच्या खोलीत खाट, खिडकीतून मंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या दिसायच्या. एक दिवस त्यांचा फोन आला. "सविताची शेवटची वही घेऊन या. बांधलेली असली तरी आणा."

मी रविवारी सकाळच्या बसनं गेलो. त्यांनी वही मांडीवर घेतली, न शोधता ती पानं काढली आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

"तुम्ही वाचलं होतं," मान वर न करता म्हणाल्या.

"हो."

"बांधायच्या आधी."

"हो, मॅडम."

"अन् कळलं पण होतं. चार महिने तुम्ही मला सोमवारी कागद आणून दिले. पानं क्रमानं लावून."

मी म्हणालो, "मला खात्री नव्हती. एका माणसावरून..."

"एका माणसावरून काही सांगता येत न्हाई," त्यांनी वाक्य पुरं केलं आणि हसल्या. हिरड्यांना रक्त होतं. "बरं शिकलात."

मग मी विचारलं. अठरा वर्षांत मी त्यांना विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न असेल. "तुम्हाला कधी कळलं?"

"तिनं वही उघडली तेव्हाच. आकडे मला कळतात, लायब्ररी. एकाच काचेवर दोन रक्तं ठेवली तिनं. ह्याच्यावर बोलायला जागाच न्हाई. मी शिकवलं असतं तर असंच शिकवलं असतं."

"मग ते पत्र?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ती बराबर असंल तर मी मरणार होते. ती चुकली असंल तर नुसती तिची पदवी जाणार होती. तुम्ही काय धरलं असतं?"

आतून भावजयीनं चहा आणला. मॅडमनी तो माझ्याकडे सरकवला आणि लाल पेन मागितलं. माझ्याकडे निळं होतं. "निळं चालत न्हाई," म्हणाल्या. भावानं शेजारच्या शिक्षकाकडून लाल पेन आणलं. मॅडमनी रेघ मारलेल्या पहिल्या पानाच्या कडेला लिहिलं, 'नोंद ग्राह्य. हात बराबर.' खाली सही, तारीख. तिन्ही पानांवर तेच. अक्षर हललं होतं, पण वाचता येत होतं.

"हे मी गेल्यावर विद्यापीठात न्या. अन् तिला आत्ता सांगायचं न्हाई."

"का? ती आज येणारच आहे."

"म्हणूनच. समोर बसून रडली तर मला सहन व्हायचं न्हाई. अन् न्हाई रडली तर तेही."

सविता येणार होती, कारण तिला मॅडमच्या आजाराची बातमी मी दिली होती. गावातल्या तपासणीवाल्याला त्यांची शीर सापडत नव्हती, टोचून टोचून हात काळे केले होते. हे कळल्यावर ती आपणहून रविवारी येऊ लागली होती. रक्त घ्यायची, डबीत ठेवायची, जालन्याला नेऊन तपासायची आणि आकडे फोनवर भावाला सांगायची. मॅडम आणि ती एकमेकींशी कामापुरतंच बोलत.

मॅडम त्यानंतर नऊ दिवसांनी गेल्या. शोकसभेत प्राचार्य म्हणाले की तुटलेले धागे जोडणं हेच मॅडमचं जीवनकार्य होतं, पेशींचेही आणि मनांचेही. माझ्या शेजारी बसलेले रशीदभाई सभेत पहिल्यांदाच हसले आणि मग रुमालात तोंड घालून बसले.

मी वही घेऊन विद्यापीठात गेलो. तीन वेळा गेलो. टेबलावरच्या माणसानं पानं नीट पाहिली, वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मार्गदर्शकाचा शेरा वहीत आहे, विहित नमुन्यात नाही. नोंदणी रद्द झालेली आहे. आणि मार्गदर्शक मयत आहेत. कोणाला विचारायचं?" मी म्हणालो, सही त्यांची आहे. तो म्हणाला, "असेल ना. मी कुठं नाही म्हणतो?"

मग मी त्या पानांच्या प्रती काढून सविताला दिल्या. केंद्रात गर्दी होती. तिनं हातमोजे काढून कागद घेतले आणि उभ्यानंच वाचले.

"हात बराबर," ती म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच."

"'माझी चूक झाली' असं कुठं लिहिलं न्हाई त्यांनी?"

"नाही."

"मंग मॅडमनीच लिहिलंय." तिनं घड्या घालून कागद पर्समध्ये ठेवले. "सर, हे तुम्हाला वाटूरलाच माहीत होतं ना? मी तिथं बसल्ते तेव्हा?"

मी हो म्हणालो. तिनं नवे हातमोजे घातले आणि पुढच्या माणसाला बाही वर करायला सांगितली. तिचा बाप आता फवारणीला जात नाही. हात थरथरतात म्हणे. काय झालंय ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते वाटूरला वही घेऊन गेलो त्याच रविवारी. वही पिशवीत घालून मी निघायच्या तयारीत होतो. सविता आली, चपला दाराबाहेर काढल्या, मोरीत जाऊन हात धुतले आणि खाटेशी बसून डबी उघडली.

मॅडम म्हणाल्या, "हात धुतलेस?"

तिनं आत्ताच धुतले होते. पाण्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. सविता उठली, पुन्हा मोरीत गेली, पुन्हा धुतले आणि मॅडमपुढं दोन्ही हात उलटसुलट करून धरले. मॅडमनी एकेक नख पाहिलं. मला वाटलं, आता 'पुन्हा' म्हणतील. त्यांनी चादरीखालून डावा हात काढला आणि अनामिका पुढे केली.

हाताच्या शिरा सगळ्या संपल्या होत्या, म्हणून बोटच उरलं होतं. सवितानं पुसलं, टोचलं, थेंब नळीत घेतला. मग कापूस दाबला. रक्त थांबेना. त्या आजारात ते लवकर थांबत नाही. बोळा लाल झाला की ती दुसरा घ्यायची आणि पुन्हा दाबून धरायची. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझी बस साडेचारची होती. मॅडमचे डोळे मिटले होते. त्या झोपल्या होत्या की नाही ते सांगता येणार नाही.

मी उठलो. दारातून मागे वळून पाहिलं. सविता मांडी घालून जमिनीवर बसली होती, मॅडमचं बोट तिच्या मुठीत होतं आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत होती. पिशवीत माझ्याजवळ ती वही होती. मी फाट्याकडे चालायला लागलो.